नौगढ-विजयगढच्या वाटेवर : तिलिस्माखालची खरी जमीन

जादूच्या राज्याला नकाशा नसतो, अशी आपली एक जुनी समजूत आहे. आजीच्या कहाणीतले आटपाट नगर कोणत्या तालुक्यात येते, तेथे जोंधळा पिकतो की भात, पावसाळ्यात तेथली वाट बंद होते की चालू राहते, हे कोणी विचारीत नाही आणि विचारूही नये. परंतु हिंदी भाषेत जादूची एक दुनिया अशी आहे की जिच्या नद्या, घाट, किल्ले आणि झाडे आगगाडीचे तिकीट काढून पाहून येता येतात. ती दुनिया म्हणजे बाबू देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’. १८८८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या कादंबरीसाठी कित्येकांनी नागरी लिपी शिकून घेतली, हे हिंदी साहित्याच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. आम्हां ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांतही वडीलधाऱ्यांची हिंदी पुष्कळदा याच पुस्तकाने घोटवली. आणि १९९४ मध्ये दूरदर्शनवर तिची मालिका सुरू झाली, तेव्हा नातवंडांना क्रूरसिंह प्रथम भेटला.

या कादंबरीत एके ठिकाणी लेखक गोष्ट थांबवून चक्क भूगोल सांगू लागतो. नौगढ आणि विजयगढ ही राज्ये डोंगराळ आहेत, चंद्रप्रभा आणि कर्मनाशा या नद्या त्या डोंगरांतून वळसे घेत वाहतात, कोसभर चालले तर पावसाळ्यात दहा ओढे आडवे येतात, असे तो सांगतो. मग झाडांची नावे येतात, जनावरांची येतात, आणि शेवटी तो वाचकाला जणू वचनच देतो, की हे डोंगर येथे लिहिल्याप्रमाणे आजही उभे आहेत आणि पाहण्याजोगे आहेत. अद्भुत कथा लिहिणाऱ्याने आपल्या कथेची जागा तपासून पाहण्यास वाचकाला बोलवावे, ही गोष्ट आम्हांला फार विलक्षण वाटली. त्या वचनाला आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. ते अजून कितपत खरे आहे, एवढे पाहावे म्हणून आम्ही आश्विनाच्या अखेरीस काशीहून निघालो.

प्रथम या गृहस्थांविषयी थोडे सांगितले पाहिजे. देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ चा, बिहारमधला. घराणे मूळचे पंजाबातले, पुढे काशीला येऊन स्थिरावलेले. तरुणपणी त्यांनी गयेजवळच्या टिकारी संस्थानात व्यापार केला. नंतर काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायणसिंह यांच्या राज्यातील चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांनी घेतला. या एका गोष्टीत त्यांच्या सगळ्या जादूचे मूळ आहे, असे आमचे मत झाले आहे. कवी जंगलात जातो तो फुले पाहावयास. शिकारी जातो तो जनावर पाहावयास. ठेकेदाराला मात्र सारेच पाहावे लागते. कोणते झाड कोठे आहे, त्याचे लाकूड किती टिकेल, बैलगाडी कोणत्या खिंडीतून उतरेल, कोणता ओढा कोणत्या महिन्यात अडवील, रात्र पडली तर मजुरांना पाणी कोठे मिळेल, एका राजाची हद्द कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे लागते, या सर्वांचा हिशेब डोक्यात नसेल तर ठेक्यात बूड येते. खत्रींनी असा हिशेब मनात साठवला. पुढे ठेका सुटला, पण हिशेब राहिला. आणि त्या हिशेबातून राजपुत्र, ऐयार आणि तिलिस्म उभे राहिले.

काळही ध्यानात घ्यावा. मोगलसराईपर्यंत आगगाडी १८६२ मध्येच आली होती. सरकारचा जंगलाचा कायदा १८७८ चा. काशीच्या राजघाटाजवळ गंगेवरचा रेल्वेपूल १८८७ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि दुसऱ्याच वर्षी ‘चंद्रकांता’ छापून येऊ लागली. जंगलाची मोजदाद होऊन त्याचे मोल रुपयांत ठरू लागले होते, घोड्यावरची मजल मागे पडून तासांचा प्रवास सुरू झाला होता. अशा वेळी हा माणूस त्याच जंगलातली पाऊलवाट, भुयार आणि घोड्याची दौड लिहून ठेवीत होता.

काशीहून रामनगर ओलांडून चकियाच्या वाटेला लागले, की पहिला प्रदेश लागतो तो जादूचा नव्हे, भाताचा. चंदौली हा जिल्हा १९९७ मध्ये जुन्या वाराणसी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याला तिकडे ‘धान का कटोरा’ म्हणतात. दुतर्फा पिकत आलेला भात, मधून कालव्याचे पाणी, कडेला एरंड आणि बाभळी. चकियाच्या पुढे कर्मनाशेवर लतीफशाहचा बंधारा आहे. कर्मनाशा हे नाव ऐकूनच जुने यात्रेकरू दचकत. या नदीचे पाणी अंगास लागले तर जन्मभराचे पुण्य नष्ट होते, अशी समजूत. त्रिशंकूच्या कथेशी तिचा संबंध जोडतात. ज्या नदीचा थेंब अंगावर उडू नये म्हणून माणसे जपत, तिच्याच पाण्यावर आज भात पिकतो आहे. जमीन माणसांच्या समजुती कशा हळूहळू बदलते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला त्या प्रवासात दिसले नाही.

बंधाऱ्यापासून पुढे जमीन एकदम उचलली जाते. गंगेचे सपाट खोरे संपून विंध्याची कैमूर रांग सुरू होते. पायरीपायरीने चढणारे लाल-करडे वालुकाश्म, त्यांच्यामधून कोरत गेलेल्या घळी, आणि घळींच्या तोंडाशी धबधबे. चंद्रप्रभा नदीवरचे राजदरी आणि देवदरी हे धबधबे याच वाटेवर आहेत. सपाटीवरून पाहिले तर वर पठार आहे एवढेच कळते. पठारावर उभे राहिले तर खाली दरी आहे हे काठाशी जाईपर्यंत उमगत नाही. चालता चालता पायांखालची जमीनच संपावी आणि खाली पाणी, झाडी व पक्ष्यांचा गलबला असावा, अशी ती रचना आहे.

येथे उभे राहिल्यावर ‘चंद्रकांता’तला एक प्रसंग आम्हांला निराळ्या रीतीने समजला. तेजसिंह ऐयाराची एक गुप्त खोह आहे. तिच्या दारावर सिंहाचे तोंड कोरलेले. त्या तोंडात हात घालून जीभ ओढली की दार उघडते. आत गेले की काळोख्या वाटेपलीकडे चहूकडून कड्यांनी वेढलेले हिरवे मैदान, वाहते पाणी, फळझाडे. तेथे ठेवलेला कैदी उपाशी मरत नाही आणि सुटूनही जात नाही. घरी बसून वाचताना ही निव्वळ कल्पना वाटते. देवदरीच्या काठावरून पाहताना कळते की लेखकाने फक्त दार बसवले. बाकी सारे तेथे होतेच.

खत्रींच्या जादूचे रहस्य हेच आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही प्रचंड उर्दू दास्तान बाहेर पडत होती. तिच्यातले जादूगार खरेखुरे जादूगार आहेत. ते मंत्र म्हणतात आणि आकाश फाटते. खत्रींनी तिलिस्म आणि ऐयार हे शब्द त्या परंपरेतून घेतले, परंतु मंत्र सोडून दिला. त्यांचे तिलिस्म म्हणजे पूर्वीच्या राजांनी अफाट द्रव्य जपून ठेवण्यासाठी कारागिरांकडून करून घेतलेले बांधकाम. त्यात कळा आहेत, चाके आहेत, सरकणाऱ्या शिळा आहेत, माणसाला गिळून टाकणारा बगळ्याचा पुतळा आहे. पण भूत नाही. त्यांच्या ऐयाराजवळ सिद्धी नाही. खांद्यावर झोळी आहे, झोळीत बेशुद्धीची पूड आहे, शुद्धीवर आणणारा लखलखा आहे, वेषांतराचे सामान आहे. तेवढ्यावर त्याचे सारे चालते. अद्भुताचा पाया असा मानवी ठेवल्यावर त्याला जमीनही खरी लागते. मंत्राला अंतर नसते. दोर टाकून भिंत चढणाऱ्याला मात्र भिंत किती उंच, पहारा कधी बदलतो आणि पहाटेपूर्वी किती कोस गाठावयाचे, हे ठाऊक असावेच लागते.

पठारावर आमच्याबरोबर एक वनरक्षक चालत होते, वयस्क आणि मितभाषी. त्यांना आम्ही झाडांची नावे विचारीत गेलो आणि कादंबरीतल्या यादीशी ताडून पाहत गेलो. साखू, म्हणजे साल. तेंदू, म्हणजे आपली टेंभुर्णी. विजयसार, म्हणजे बिबळा. कोरैया, म्हणजे कुडा. आसन, म्हणजे ऐन. पियार, म्हणजे चारोळी. यादी बहुतांशी जमली. मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली ती आम्हांला यादीहून मोलाची वाटली. “बाबूजी, झाडे तीच आहेत, पण पूर्वी येथे वाट शोधावी लागे. आता झाडे शोधावी लागतात.” कादंबरीत मैलभर इकडेतिकडे गेलेला माणूस हरवतो, आज त्याला बहुतेक कोठे ना कोठे सडक लागते.

जनावरांचेही तसेच. वाघ पावसाळ्यात खालच्या भागातून उंच टेकड्यांवर जातो, हरणे डोंगरावर नसतात पण पायथ्याशी दिसतात, अशा बारीक नोंदी खत्रींनी केल्या आहेत. त्या पाहिलेल्या माणसाच्याच आहेत. १९५७ मध्ये येथे चंद्रप्रभा अभयारण्य झाले आणि गीरहून आणलेले सिंह येथे सोडले गेले. काही वर्षे त्यांची संख्या वाढली. पण साठीच्या दशकातच ते सारे नाहीसे झाले. खत्रींच्या एखाद्या ऐयारालाही लाजवील अशी ही गुप्तता होय; फरक इतकाच की कादंबरीत नाहीसे झालेले शेवटच्या भागात परत येतात.

नौगढ हे आज एक लहानसे तालुक्याचे गाव आहे. वीरेंद्रसिंहाच्या राजधानीचा थाट तेथे शोधू नये. तेथून दक्षिणेस डोंगर ओलांडले की सोनभद्र जिल्हा. हा १९८९ मध्ये मिर्झापुरातून वेगळा निघाला. रॉबर्ट्सगंजपासून सुमारे ३० किलोमीटरवर विजयगढ उभा आहे. चंद्रकांतेचे माहेर ते हेच. चढ खडा आहे, वाट दगडांची आहे. पण वर पोचल्यावर प्रथम दिसते ते पाणी. एवढ्या उंचीवर, चहूकडे उघडा खडक असताना, तळी भरलेली. एकाचे नाव रामसागर, दुसऱ्याचे मीरासागर. श्रावणात कावडवाले रामसागराचे पाणी भरून शिवद्वारच्या महादेवाला नेतात, आणि याच गडावर मुसलमान संताच्या दर्ग्यात उरूसही भरतो. गडावर पाणी नसेल तर गड व्यर्थ, हे महाराष्ट्राच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. तिलिस्माच्या आत नेहमी वाहते पाणी आणि फळबाग का असते, याचे उत्तर आम्हांला त्या तळ्याच्या काठी मिळाले.

आणि खजिना? त्याचेही मूळ खरे आहे, आणि आश्चर्य असे की ती कथा ग्वाल्हेरच्या वेशीपर्यंत येऊन पोचते. १७८१ च्या ऑगस्टात वॉरन हेस्टिंग्सने काशीचा राजा चेतसिंह याला त्याच्याच वाड्यात, शिवाला घाटावर, कैद केले. काशीकर उठले, चेतसिंह निसटला आणि हेस्टिंग्सला रातोरात चुनारच्या किल्ल्याचा आश्रय करावा लागला. चेतसिंहाचे द्रव्य आणि त्याची माता विजयगढावर होती. नोव्हेंबरात इंग्रजी फौजेने गड घेतला आणि सापडलेला पैसा फौजेने आपसांत वाटून घेतला. त्या फौजेचा सेनापती मेजर पॉपहॅम. हे नाव ग्वाल्हेरकरांना परके नाही. १७८० च्या ऑगस्टात रात्रीच्या काळोखात शिड्या लावून मराठ्यांच्या ताब्यातला ग्वाल्हेरचा किल्ला ज्याने घेतला, तो हाच पॉपहॅम. पायांचा आवाज होऊ नये म्हणून त्याच्या माणसांनी कापूस भरलेले लोकरी जोडे घातले होते, असे सांगतात. ऐयारी म्हणतात ती याहून निराळी काय असते? पुढे महादजी शिंद्यांनी ग्वाल्हेर परत मिळवले. परागंदा चेतसिंहाला शिंद्यांच्याच राज्यात आसरा मिळाला आणि १८१० मध्ये ग्वाल्हेरीसच त्याचा अंत झाला.

आता ‘चंद्रकांता’ पुन्हा आठवावी. चुनारचा राजा शिवदत्त विजयगढावर डोळा ठेवून आहे, विजयगढातून फितूर झालेला माणूस चुनारला जाऊन मिळतो, फौजा चुनारहून निघतात. चुनार आणि विजयगढ यांच्यामधली ही ओढाताण खत्रींनी हवेतून काढलेली नाही. त्यांच्या जन्माच्या ऐंशी वर्षे आधी ती याच वाटांवर घडून गेली होती. लुटला गेलेला खजिना लोकांच्या तोंडी मात्र कधी पूर्ण लुटला जात नाही. थोडा जमिनीत राहतोच. गडावर भेटलेल्या एका गुराख्यानेही आम्हांला तसेच सांगितले. लोकांच्या या समजुतीतूनच खत्रींनी आपले तिलिस्म बांधले असावे.

चुनारचा किल्ला आम्ही परतीच्या वाटेवर पाहिला. विजयगढाहून तो सुमारे ७० किलोमीटर; चांगल्या घोड्याला दोन दिवसांची मजल. गंगेत पुढे आलेल्या खडकाच्या सुळक्यावर तो बसला आहे. शेरशहा, हुमायून, अकबर, इंग्रज, सर्वांना तो हवा होता, कारण खालून जाणारी प्रत्येक नाव वरून मोजता येते. आत भर्तृहरीची समाधी आहे, सोनवा मंडप आहे, आणि खोल, काळोखी बारव आहे. तिच्यात डोकावताना आवाज आपोआप खाली येतो. या डोंगरांतला दगड अशोकाच्या स्तंभांपासून काशीच्या घाटांपर्यंत सर्वत्र गेला. खत्रींचा पहिला वाचक काशीचा. तो रोज चुनारी दगडाच्या पायऱ्या उतरून स्नानास जात होता. दगडाशी दगड किती नेमका बसवता येतो, हे त्याच्या पायांना माहीत होते. सरकणारी शिळा त्याला पटावयास वेळ लागला नाही.

आपल्या मराठीकडे पाहिले तर एक विचार मनात येतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, म्हणजे खत्रींच्या जन्मवर्षाची. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. राजपुत्र, वियोग, अद्भुत प्रसंग त्यांतही भरपूर. पण त्या नगरांना माती नव्हती, आणि हरिभाऊ आपट्यांनी पुण्यातली खरी घरे दाखवताच ती नगरे विरून गेली. खत्रींचे नगर विरले नाही. त्याला कारण भाषेची सुलभता आहेच; पण पायाखालची जमीन हेही कारण आहे, असे आम्हांस वाटते. ज्या तरुण मंडळींना आज अद्भुत कथा लिहावयाच्या आहेत, त्यांनी परदेशी ड्रॅगन उसने आणण्यापूर्वी आपल्या गावची जुनी वाट, बंद पडलेली बारव, सोडून दिलेली खाण एकदा पायी हिंडून पाहावी. नरवर किंवा असीरगड यांच्या आसपास काय कमी आहे?

परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. ठेकेदाराने सारे पाहिले, असे आम्ही वर म्हटले. या डोंगरांतले कोल आणि खरवार मात्र त्याच्या कथेच्या पटावर जवळजवळ नाहीत. लाकूड तोडणारे हात त्यांचे, ओढ्यांची नावे त्यांनी ठेवलेली, विजयगढ मूळचा कोल राजांचा अशी तिकडची परंपरा. कैमूरच्या गुहांतून फार जुनी रंगचित्रे आहेत. कार्लाइल या इंग्रज संशोधकाने १८६७-६८ मध्ये मिर्झापूरच्या डोंगरांत ती प्रथम पाहिली. ही भूमी माणसांवाचून कधीच नव्हती. तरी कादंबरीतले जंगल राजपुत्रांसाठी मोकळे आहे. पुढे अभयारण्य झाले, धरणे झाली, आणि प्रत्येक वेळी जंगल रिकामेच आहे असे धरून हद्दी आखल्या गेल्या. २००४ मध्ये नौगढच्या घाटात सुरुंग फुटून पोलीस जवान मारले गेले आणि चंद्रकांतेच्या प्रदेशाचे नाव निराळ्याच कारणाने वर्तमानपत्रांत आले. २००६ मध्ये वनहक्कांचा कायदा झाला, तेव्हा या माणसांना आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो, हे कागदाने सिद्ध करण्याची पाळी आली.

एका पाड्यावर आम्ही पाणी मागितले. मोहाच्या झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी ते दिले. चंद्रकांता कोणी वाचली आहे का, असे आम्ही त्यांच्या नातवास विचारले. वाचली नव्हती. “पण ती खोह आम्हांला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “दादा तिच्यात बकऱ्या ठेवीत.”

खत्रींचे वचन, म्हणजे, अजून बरेचसे खरे आहे. डोंगर आहेत, नद्या आहेत, गडावर पाणी आहे. झाडे विरळ झाली, पण नावे टिकून आहेत. देवकीनंदन १ ऑगस्ट १९१३ रोजी निवर्तले. ‘भूतनाथ’ अपुरी राहिली आणि त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी ती पुरी केली. बापाची दुनिया मुलाला पुढे चालवता आली, कारण तिचा नकाशा तयार होता. त्या नकाशात त्या नातवाचा पाडा अजून कोणी मांडलेला नाही. ते काम कोणीतरी हाती घ्यावे, आणि घेणाऱ्याने तेथे आधी पायी जाऊन यावे, एवढेच आमचे सांगणे आहे. काशीहून चकियाची बस मिळते. पावसाळा संपल्यावर निघावे, पायांत चांगल्या वहाणा असाव्यात, आणि वाट विचारावयास संकोच करू नये.